‘दोस्त राष्ट्रे’ कुठवर लिहायचे आणि ‘शीतयुद्ध’ कुठून?

प्रश्न असा: ‘दोस्त राष्ट्रे जिंकली आणि त्यांच्यातच शीतयुद्ध पेटले’ हे वाक्य बरोबर आहे का? दोस्त होते तर काही वर्षांतच एकमेकांसमोर कसे उभे राहिले?

‘पेटले’ तेवढे बदला. शीतयुद्ध पेटत नाही, सुरू होते. बाकी वाक्यात विसंगती नाही. इथे ‘दोस्त’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात समान शत्रूपुरते एकत्र आलेले अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ वगैरे देश. ऑगस्ट १९३९मध्ये स्टालिनचा अनाक्रमण करार हिटलरशी होता. जून १९४१मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा कुठे ही दोस्ती जमली. शत्रू हरला, की तिला धरून ठेवणारे फारसे काही उरणार नव्हते.

फाटाफूट नेमकी कशी झाली, ते जर्मनीकडून घ्यायच्या नुकसानभरपाईत सर्वांत स्पष्ट दिसते. याल्टा परिषदेत (फेब्रुवारी १९४५) २० अब्ज डॉलर, त्यातले निम्मे सोव्हिएत संघाला, हा आकडा चर्चेचा आधार म्हणून नोंदला गेला. ब्रिटनने त्यालाही होकार दिला नव्हता. पॉट्सडॅमच्या परिषदेत (जुलै-ऑगस्ट १९४५) ठरले की प्रत्येकाने मुख्यतः जर्मनीच्या आपल्याच ताब्यातल्या विभागातून वसुली करावी. शिवाय पश्चिमेकडच्या विभागांतली जादा यंत्रसामग्री काही प्रमाणात सोव्हिएत संघाला मिळावी, बरीचशी धान्य-कोळशाच्या बदल्यात. अडचण तिथेच होती. उद्ध्वस्त झालेल्या सोव्हिएत संघाला यंत्रे हवी होती; पण कारखाने उचलून नेले तर उपाशी जर्मनांना पोसण्याचा खर्च अमेरिका-ब्रिटनवर पडणार होता. मे १९४६मध्ये अमेरिकी विभागाने यंत्रे पाठवणे थांबवले, जानेवारी १९४७मध्ये अमेरिकी-ब्रिटिश विभागांचा आर्थिक कारभार एक झाला, जून १९४८मध्ये पश्चिमेकडच्या विभागांत नवे चलन (मार्क) आले आणि लगेच बर्लिनची नाकेबंदी झाली. अणुबॉम्ब, पोलंड, ग्रीस ही कारणे आहेतच; पण जर्मनी वाटून घ्यायचा की एकत्र चालवायचा, हा प्रश्न सुटला नाही तो नाहीच.

आता लिहिताना काय करावे? युद्धाच्या वर्णनात ‘दोस्त राष्ट्रे’ बिनधास्त लिहा. जर्मनीवरच्या संयुक्त नियंत्रण मंडळाच्या संदर्भात मार्च १९४८पर्यंतही चालेल, कारण सोव्हिएत प्रतिनिधी तेव्हा उठून गेले. त्यानंतर मात्र नावे घ्या. ‘दोस्त राष्ट्रांनी बर्लिनची नाकेबंदी केली’ हे साफ चूक. नाकेबंदी सोव्हिएत संघाने केली, विमानांतून पुरवठा मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनने.

‘शीतयुद्ध’ हा शब्द १९४७पासूनच्या घडामोडींना लावणे सर्वांत सुरक्षित. लिहायचा एकच शब्द, ‘शी’ दीर्घ. कोरियात १९५० ते १९५३ प्रत्यक्ष लढाई झाली, म्हणून तिथे ‘शीतयुद्धाच्या काळातले कोरियन युद्ध’ म्हणावे. ‘महासत्ता’ जपून वापरा. १९४४मध्ये हा शब्द इंग्रजीत रूढ होऊ लागला तेव्हा ब्रिटनही त्यात धरला जाई. फेब्रुवारी १९४७मध्ये ग्रीस-तुर्कस्तानला मदत देणे पुढे झेपणार नाही असे ब्रिटनने अमेरिकेला कळवले. त्यापुढच्या काळाबद्दल लिहिताना ‘दोन महासत्ता’ म्हणायला हरकत नाही.