दोन विमानांमधले साडेतीन सेकंद

पुणे, रविवार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

ग्राउंडचं रेटिंग, म्हणजे जमिनीवरची विमानं सांभाळायची पात्रता, मिळालं आणि आता मुंबई विमानतळाच्या कंट्रोल टॉवरवर ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, सुरू होणार, हे वाचून फार बरं वाटलं. पेढ्यांचं नंतर बघू. आधी तुझ्या शेवटच्या ओळीतला प्रश्न घेतो: “सर, ८ जूनच्या त्या व्हिडिओत कंट्रोलरचं नेमकं काय चुकलं?”

चौकशी माझ्याकडे नव्हती, तेव्हा निवाडा देत नाही. जगाला दिसलं ते एवढंच: २०२४ च्या त्या दिवशी मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमला निघालेलं विमान चाकं उचलत होतं आणि इंदूरहून आलेलं इंडिगो त्याच्या मागे, त्याच धावपट्टीवर टेकलं. कोणाला खरचटलंही नाही. कंट्रोलरला ड्यूटीवरून बाजूला केलं, चौकशी लागली. लोक म्हणाले, एवढं ढळढळीत दिसू नये म्हणजे काय! तू तसं म्हणू नकोस, कारण थोड्या दिवसांत त्याच काचेमागे तू उभी असशील.

मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणजे कामापुरती एकच. २०२४ च्या सुरुवातीला गर्दीच्या वेळची विमानं ताशी ४६ वरून ४४ वर आणली, तेव्हा आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मला म्हणाले, “दोन विमानांनी काय होतं हो?” त्यांना कागदावर मांडून दाखवलं. ताशी ४६ म्हणजे दर ७८ सेकंदांना एक विमान. ताशी ४४ म्हणजे जवळपास ८२. फरक साडेतीन सेकंदांचा. उतरायला आलेलं जेट तेवढ्यात अडीचशे मीटर पुढे येतं. आणि तेवढ्याच वेळात “गो अराउंड”, म्हणजे उतरू नकोस, वर जाऊन फिरून ये, हे दोनदा म्हणून होतं. गृहस्थ गप्प झाले. आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळे सगळा भार हलका होईल असं ऐकतो. धावपट्टी नवी आहे खरी, पण वरचं आकाश दोघांत वाटून घ्यायचंय, हे लक्षात असू दे.

तुला आजवर घोकवलेलं सूत्र म्हणजे रीडबॅक, वैमानिक आपली सूचना परत म्हणून दाखवतो ते, नीट ऐक. ते हवंच. पण २ जानेवारी २०२४ ची टोकियोच्या हानेडा विमानतळावरची टक्कर मी पुन्हा पुन्हा वाचली, ती याच सूत्रासाठी. जपानच्या कोस्ट गार्डच्या छोट्या विमानाला टॉवरने सांगितलं होतं: नंबर वन (रांगेत पहिला), होल्डिंग पॉइंट (धावपट्टीच्या आधी थांबायची जागा) सी-फाइव्हपर्यंत जा. वैमानिकाने शब्दन्‌शब्द बरोबर परत म्हटलं. आणि धावपट्टीवर जाऊन उभा राहिला. “नंबर वन” ऐकून आपल्याला उड्डाणाची परवानगी मिळाली असा त्याचा समज झाला. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघायची घाई, त्यात पहिला नंबर. मनाने उरलेलं वाक्य स्वतःच पुरं केलं. तिथे तो सुमारे चाळीस सेकंद उभा होता. टॉवरमधल्या पडद्यावर धावपट्टी अडल्याचा इशारा उमटत होता, तो कोणाच्या ध्यानात आला नाही. मागून जपान एअरलाइन्सचं ए-३५० उतरलं. त्यातले ३७९ जण आगीतून बाहेर पडले, कोस्ट गार्डच्या सहांपैकी पाच गेले.

सगळे शब्द बरोबर होते, पोरी. म्हणून सांगतो, कानांनी ऐकलंस की डोळ्यांनी ताडून बघ. सी-फाइव्हला थांब म्हटलंस ना, मग ते थांबलं का हे काचेतून बघितल्याशिवाय तुझं वाक्य पुरं झालेलं नाही.

दुसरी गोष्ट विसरण्याची. लॉस एंजेलिसला १ फेब्रुवारी १९९१ ला संध्याकाळी कंट्रोलरने एक छोटं प्रवासी विमान धावपट्टीवर मधूनच चढवून उभं केलं, आणि ती ते विसरली. आळशी होती का? मुळीच नाही. दुसरं एक विमान फ्रिक्वेन्सीवर सापडत नव्हतं, तिसऱ्या एकाची स्ट्रिप, म्हणजे विमानाची माहिती लिहिलेली कागदी पट्टी, टेबलावर आलीच नव्हती, आणि हा घोळ निस्तरण्यात ती गुंतली. त्याच धावपट्टीवर बोइंगला उतरायची परवानगी गेली. ३५ माणसं मेली. मला त्यातली सगळ्यात भयंकर वाटते ती स्ट्रिपची बाब. एवढासा कागद!

माझंही सांगतो, कारण तुम्हा मुलांना वाटतं सरांचं कधी चुकलं नाही. विमानतळाचं नाव राहू दे. पक्षी हाकलायला गेलेली जीप मी धावपट्टीवर सोडली, तेवढ्यात फोन वाजला, फोनवर वाद झाला, आणि वळून मी चार मैलांवरच्या विमानाला उतरायची परवानगी द्यायला माइक दाबला. शेजारच्या असिस्टंटने माझा हात धरला. बोलला नाही, नुसता हात धरला. दुसऱ्या दिवसापासून गाडी आत गेली की लाल स्ट्रिप धावपट्टीच्या जागी आडवी ठेवायची आणि गाडी बाहेर आल्याचं ऐकल्यावरच उचलायची, ही सवय मी निवृत्तीपर्यंत मोडली नाही. तुझ्याकडे आता पडदे असतील, तरी हाताला जाणवेल अशी एखादी खूण ठेव. डोक्यावर विसंबू नकोस. डोकं फोन वाजला की पळतं.

पण त्या दिवशी मी केलेली खरी चूक जीपची नव्हती. मी ते कुठेही लिहून दिलं नाही. तीन दिवस असिस्टंटची नजर चुकवत फिरलो, शेवटी एका सीनियरला चहाच्या टपरीवर सांगितलं, तेही हसत हसत. त्याच महिन्यात दुसऱ्या शिफ्टमध्ये तसंच घडता घडता राहिलं. माझा कागद गेला असता तर त्या पोराला आधीच सावध करता आलं असतं. चौकशीपुरतं पोझिशनवरून उतरवणं ही रीत आहे, शिक्षा नव्हे. कॅन्टीनमध्ये मात्र तिची शिक्षा होते, आणि मग पुढचे दहा जण तोंड शिवून बसतात. तू त्या कुजबुजीत बसू नकोस.

गो अराउंड द्यायची लाज वाटू देऊ नकोस. इंधनाचा हिशेब कंपनी करील, वैमानिक कुरकुरेल, शेजारचा सीनियर भुवई उंचावेल. उंचावू दे. सुरुवातीला तू दहांपैकी तीन उगाच देशील. चालेल.

झोपेचं तुझी आई सांगेलच, मी वेगळं सांगत नाही. फक्त हँडओव्हर घेताना उभी राहून घे, बसल्या बसल्या नको, आणि आधीच्या माणसाने “बाकी सगळं नॉर्मल” म्हटलं की विचार, “धावपट्टीवर कोण आहे?” दरवेळी विचार. चिडतील, पण विचार.

आता तुझ्यासाठी काम. तो व्हिडिओ पुन्हा लाव, आवाज बंद कर, हातात घड्याळ घे. मागच्याची चाकं टेकल्यापासून पुढच्याची सुटेपर्यंत किती सेकंद गेले ते मोज आणि मला लिहून पाठव. मीही मोजलेत. जुळतात का बघू.

तुझे सर