‘रेसिडेन्सी’ला मराठीत काय म्हणावे?

कऱ्हाडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भाचीने पुण्यात एमबीबीएस केले आणि आता तिची अमेरिकेत ‘इंटर्नल मेडिसिन रेसिडेन्सी’साठी निवड झाली. गावच्या साप्ताहिकात अभिनंदनाचा मजकूर द्यायचा आहे. संगणकाने भाषांतर दिले ‘अंतर्गत औषध निवास’. ते चालेल का? शिवाय भाची ‘फोर प्लस वन’, ‘नाइट फ्लोट’ असे काहीबाही सांगते, त्याला मराठीत काय म्हणायचे?

ताई, ते भाषांतर कृपा करून छापू नका. ‘अंतर्गत औषध’ वाचून पोटात घ्यायचे औषध डोळ्यांपुढे येते आणि ‘निवास’ वाचून भक्तनिवास.

आधी ‘रेसिडेन्सी’. निवासी डॉक्टर हा शब्द मराठीत पक्का रुजलेला आहे. ‘निवासी डॉक्टरांचा संप’ हा मथळा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. निवासी उपजिल्हाधिकारी, निवासी संपादक हे त्याच घडणीचे शब्द. पण म्हणून ‘निवासी प्रशिक्षण’ लिहाल तर घोटाळा होईल. त्याचा अर्थ आपल्याकडे राहण्याजेवणाची सोय असलेले शिबिर असा ठरून गेला आहे. माणसासाठी ‘निवासी डॉक्टर’ आणि प्रशिक्षणासाठी सरळ ‘रेसिडेन्सी’, असे मी तरी लिहीन.

यात निवास आला कुठून? बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९मध्ये उघडले. तिथे विल्यम ऑस्लर यांनी शिकणाऱ्या डॉक्टरांना रुग्णालयातच ठेवून घेण्याची पद्धत बसवली. ती मंडळी खरोखरच तिथे राहत, म्हणून रेसिडेंट. ‘इंटर्न’ या शब्दाच्या पोटातही राहणेच आहे. पॅरिसच्या रुग्णालयांत १८०२पासून स्पर्धा परीक्षेतून ‘इंटर्न’ निवडले जाऊ लागले. इंटर्न म्हणजे आतला, आत राहणारा. बाहेरून येऊन काम करणारा तो ‘एक्स्टर्न’. आपल्याकडे इंटर्नशिपला ‘आंतरवासिता’ हा सरकारी शब्द आहे. कागदी वाटतो खरा, पण ज्याने तो घडवला त्याला मुळातला वास नेमका कळला होता. संस्कृतात तर याहून जुना शब्द तयारच होता, ‘अंतेवासी’, म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा शिष्य. विद्या पूर्ण झाल्यावर आचार्य अंतेवासीला ‘सत्यं वद, धर्मं चर’ असा उपदेश करतात, तो तैत्तिरीय उपनिषदात आहे. रेसिडेंटला इतका जवळचा शब्द मला दुसऱ्या कोणत्याही भाषेत दिसलेला नाही. साप्ताहिकात तो चालणार नाही हे कळते, तरी मला तो फार आवडतो.

इथे एक खड्डा आहे. तुमची भाची पहिले वर्षभर स्वतःला ‘इंटर्न’ म्हणवेल, कारण अमेरिकेत रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाला तेच नाव आहे. आपल्याकडे इंटर्न म्हणजे एमबीबीएसची शेवटची परीक्षा देऊन सक्तीचे एक वर्ष काढणारा. तिला ‘आंतरवासी’ म्हणालात तर गावाला वाटेल, पोरीचे अजून एमबीबीएसच व्हायचे आहे. ‘पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर’ म्हणा. तसेच ‘एम.डी. करायला गेली’ हेही टाळा. आपल्याकडे एम.डी. ही तीन वर्षांच्या निवासी कामानंतरची पदवी. अमेरिकेत मात्र एम.डी. ही डॉक्टर होण्याचीच पदवी, ती रेसिडेन्सीच्या आधी येते. तिथे तीन वर्षांनंतर नवी पदवी मिळत नाही, त्या विषयाच्या तज्ज्ञ मंडळाची, म्हणजे ‘बोर्डा’ची, परीक्षा देऊन तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र मिळते.

आता वेळापत्रकाचे शब्द. इथे मराठी मुळीच गरीब नाही, कारण आपल्याकडे ‘पाळी’ आहे. गिरणगावाने दिवसपाळी, रातपाळी हे शब्द घराघरांत नेले. ‘नाइट फ्लोट’मध्ये एखादा रेसिडेंट सलग काही रात्री फक्त रात्रीचेच काम करतो. रात्री दाखल होणारे रुग्ण बघतो आणि दिवसाच्या पथकांचे रुग्णही सांभाळतो. फ्लोट म्हणजे तरंगणे म्हणून तरंगत बसू नका, ती रातपाळीच. ‘रोटेशन’ला मात्र ‘फिरती’ नको. फिरती म्हटले की जीप घेऊन दौऱ्यावर निघालेले साहेब आठवतात. काही आठवडे वॉर्ड, काही आठवडे अतिदक्षता विभाग, मग हृदयरोग, असे हे आळीपाळीने चालते. ‘आळीपाळीने वेगवेगळ्या विभागांत काम’ असे लिहिले की झाले. ‘चार अधिक एक’ म्हणजे चार आठवडे रुग्णालयातले काम आणि पाचवा आठवडा बाह्यरुग्ण विभागात. ही विभागणी अशासाठी, की वॉर्डात रुग्ण तपासताना मध्येच उठून ओपीडीकडे धावावे लागू नये. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे वारांवर चालते. प्रत्येक युनिटचा, म्हणजे डॉक्टरांच्या पथकाचा, ओपीडीचा वार ठरलेला, इमर्जन्सीचा वार ठरलेला. माझी चुलत बहीण मुंबईत एम.डी. करत असताना फोनवर ‘आज आमची इमर्जन्सी आहे’ म्हणायची आणि आजी दर आठवड्याला घाबरायची. त्या वाक्याचा अर्थ ‘आज तातडीचे रुग्ण आमच्या युनिटकडे’ एवढाच असतो, हे तिला शेवटपर्यंत पटले नाही.

कामाच्या तासांचे एक सांगतो, कारण ‘राहणे’ या अर्थाशी त्यांचा संबंध आहे. १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच गेली. थकलेले, वरिष्ठांची पुरेशी देखरेख नसलेले रेसिडेंट हा विषय त्यानंतर ऐरणीवर आला. २००३पासून सगळ्या अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, तीही चार आठवड्यांची सरासरी धरून. आपल्याकडे केंद्राच्या १९९२च्या निर्देशांत आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत. कोणत्याही निवासी डॉक्टरच्या आईला विचारा, त्या आकड्यावर तिचा विश्वास बसणार नाही. इतके तास तिथेच जात असतील तर ‘निवासी’ हा शब्द जुना झाला असे कसे म्हणू?

राहिले ‘इंटर्नल मेडिसिन’. हे नाव जर्मनीतून आले. एकोणिसाव्या शतकात तिथे शस्त्रक्रियेविना बऱ्या करायच्या, शरीराच्या आतल्या अवयवांच्या आजारांच्या शास्त्राला ते मिळाले. भारतात हाच विषय ‘जनरल मेडिसिन’ म्हणून शिकवतात. ‘कायचिकित्सा’ हा सुंदर शब्द आहे, पण तो आयुर्वेदातल्या आठ अंगांपैकी एकाचा आहे आणि आयुर्वेदाच्या एम.डी.लाही तेच नाव आहे. भाची वैद्य झाली असा समज होईल. ‘औषधवैद्यकशास्त्र’ हा शब्द सरकारी महाविद्यालयांच्या पाट्यांवर दिसतो, बोलताना कोणी वापरत नाही. गावाला ‘फिजिशियन’ मात्र लगेच कळतो.

तेव्हा मजकूर असा द्या: ‘आमची भाची डॉ. अमुक हिची अमेरिकेत जनरल मेडिसिनच्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीसाठी निवड झाली आहे. १ जुलैपासून ती तिथे निवासी डॉक्टर म्हणून रुजू होईल.’ तारीख तेवढी तिला विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी वर्ष जुलैच्या सुरुवातीला सुरू होते, पण काही रुग्णालये जूनअखेरीसच बोलावून घेतात.