धूर बघत बसणाऱ्या मुलीचं काय करायचं?

पत्र, थोडक्यात: आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला; विषय पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी. दहावीला ९४ टक्के होते, पहिल्या वर्षाला ७१ वर आली, गणितात तर ५८. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात आगी लागल्या, तेव्हापासून उपग्रहाच्या चित्रांवर धूर कुठं जातो ते बघत बसते. लॅपटॉप आता कपाटात ठेवलाय. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा पहिल्यांदा नाही जमली तर पुन्हा द्यायला हवी, म्हणून लातूरच्या क्लासचे पैसेही भरलेत. उपग्रह म्हणजे इस्रो, तिथं आपली पोरं कुठं लागणार? हे खूळ कसं काढावं?

उत्तर: खूळ काढायचा उपाय माझ्याकडे नाही, आणि असता तरी दिला नसता.

७१ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला बऱ्याच जणांची गाडी घसरते, नंतर रुळावर येते. काळजी वाटली ती लातूरच्या पावतीची. ‘नीट’ अजून व्हायचीय, आणि पोरीला ती जमणार नाही हे धरून तुम्ही पैसे भरून मोकळे! ती पावती तिनं पाहिली नसेल असं समजू नका. घरच्यांचा आपल्यावर किती भरवसा आहे, ते पोरांना अशा कागदावरून बरोबर कळतं. आणि डॉक्टर व्हायचंय का, हे तिला कुणी विचारल्याचा तुमच्या पत्रात पत्ताच नाही.

एकदा तिच्या शेजारी बसून ती काय बघते ते बघा. आगीचे लाल ठिपके टिपणारे नासाचे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीडला जातात, मग रात्री दीडला. निपाणी-चिकोडीकडं कुणी संध्याकाळी उसाचं पाचट पेटवलं आणि ते तासाभरात विझलं, तर ठिपका उमटतच नाही. आपला इन्सॅट दर अर्ध्या तासाला चित्र घेतो, पण बारकावा कमी. वरून धूर दिसला म्हणजे तो आपल्या नाकाशी आलाय असंही नाही. तो दोन-तीन किलोमीटर वरही असू शकतो, आणि तिथला वारा खालच्या वाऱ्याच्या उलटही वाहतो. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि युरोपपर्यंतही गेला. कुठला धूर कुठं उतरेल, हे सांगणं रिकामटेकड्याचं काम आहे होय?

इस्रोचं म्हणाल तर तो समज सोडा. उपग्रह बनवणारे वेगळे, त्याची चित्रं वाचून कामाला लावणारे वेगळे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे वनखात्याला पाठवते. पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था दिल्लीच्या हवेचा अंदाज देते, त्यात शेतात जाळलेल्या काडाचा धूरही धरलेला असतो. मात्र गोड बोलून फसवत नाही: ‘धूर’ नावाची पदवी नाही आणि नोकरीही नाही. सुरुवातीला बहुधा कंत्राटी काम आणि बेताचा पगार.

वाटा नेहमीच्याच: केसीईटीतून (कर्नाटकची सीईटी) इंजिनिअरिंग, आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, जेईई ॲडव्हान्स्डवरून तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विज्ञानाची संस्था, नाहीतर फिजिक्समध्ये बीएस्सी करून पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागात एमएस्सी. तुमचं गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांत असेल, तर महाराष्ट्रातल्या राखीव जागांची चौकशी करा आणि दाखला वेळेत काढा.

आता मुलीला. बाळ, ५८ वर हे काम व्हायचं नाही. धुराचा माग काढणं हे गणितच आहे, नुसती चित्रं सरकवून भागत नाही. आज धूर दिसला की वाऱ्याची दिशा आणि वेग बघून उद्या दुपारी तो कुठं असेल ते वहीत लिही, मग दुसऱ्या दिवशीच्या चित्राशी ताडून बघ. चुकलं तर का चुकलं तेही लिही. उपग्रहाची चित्रं वाचायला शिकवणाऱ्या डेहराडूनच्या आयआयआरएस संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, ते परीक्षा झाल्यावर.

आणि बाबा, लॅपटॉप तिला रोज तासभर द्या. लातूरला आजच फोन करून पैसे परत मिळतात का विचारा. उशीर झाला की कापून देतात.