फ्रेस्नोत कॅमेरा काढण्याआधी

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या आर्मेनियन लोकसंगीतावर माहितीपट करतोयस, फार आनंद झाला. पण पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू दे. चर्चच्या पिकनिकला जा, करंगळीत करंगळी गुंफून चाललेल्या नाचात उभा राहा, आजीबाईंच्या शेजारी बसून जेव. यांतली कितीतरी माणसं १९१५च्या, ऑटोमन तुर्की राजवटीतल्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्यांची नातवंडं-पतवंडं. गाणं कुणाकडून आलं, हे जरा ओळख झाल्यावरच विचार.

दुदुकवादक भेटले तर घाई अजिबात नको. दुदुक म्हणजे जर्दाळूच्या लाकडाचं, फुंकून वाजवायचं वाद्य. वाजवण्याआधी त्याची रुंद पत्ती ओलवून उघडू द्यावी लागते. ती पत्ती हळूच चाचपणारी बोटं जवळून टिप. मला तरी ते क्षण मुलाखतीहून मोलाचे वाटतात. जोडीचा वादक 'दाम' म्हणजे एकच आधारस्वर न तुटता धरून असतो, आपल्याकडे सनईला सूर देतात तसा. त्याला वेगळा माइक लाव. नवखे हमखास त्यालाच विसरतात.

ऊद (छेडून वाजवायचं तंतुवाद्य) आणि क्लॅरिनेटच्या बँडमध्ये तुर्की शब्दांची गाणीही येतील. ती कापू नकोस, कित्येक घरांत आजी-आजोबा ती भाषाही बोलायचे. आणि जुन्या कुटुंबांच्या बोलण्याचं भाषांतर पश्चिम आर्मेनियन जाणणाऱ्याकडूनच करून घे. आर्मेनियाच्या राजधानीची, येरेव्हानची, भाषा वेगळी पडते.