सार्वजनिक उद्यानातील सेवाशिक्षण: काम कसे निवडावे

नववीतील मुलीला शाळेसाठी सेवेचे तास पूर्ण करायचे आहेत, सार्वजनिक उद्यानात कचरा वेचण्याखेरीज तिला काय करता येईल आणि शाळा ते ग्राह्य धरेल का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या गटांसोबत उद्यानांत काम करत आलो असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ग्राह्यतेचा प्रश्न आधी घेतो. नुसते श्रमदान आणि सेवाशिक्षण, म्हणजे सेवेच्या कामातून जाणीवपूर्वक शिकणे, यांत फरक आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १९९२ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी सेवाशिक्षण सक्तीचे केले आणि तसे करणारे ते त्या देशातील पहिले राज्य ठरले. तेथे ७५ तासांची अट प्रसिद्ध असली, तरी पूर्वतयारी, प्रत्यक्ष काम आणि कामानंतरचे चिंतन हे तीन टप्पे त्या अटीइतकेच महत्त्वाचे मानले जातात. माझ्या पाहण्यात शाळेने ज्या नोंदी परत पाठवल्या, त्यांत तास पुरेसे होते, मात्र पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याविषयी एक ओळही लिहिलेली नव्हती.

म्हणून माझा आग्रह असा, की दहा उद्यानांत एकेक दिवस जाण्यापेक्षा एकाच उद्यानाचा एक कोपरा निवडावा आणि तेथे पुन्हा पुन्हा जावे. आपण केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे पाहायला मिळाल्याशिवाय शिकणे होत नाही. याचा धडा मला झाडांना आच्छादन घालताना मिळाला. आमच्या गटाने मोठ्या उत्साहाने लाकडाचा भुसा आणि पालापाचोळा खोडांभोवती ढिगासारखा रचला, आणि तो दिसायला नीटनेटका असल्यामुळे मीही काही बोललो नाही. तीन आठवड्यांनी माळीकाकांनी एका झाडापाशी बसून हाताने तो ढीग बाजूला केला, तेव्हा आतली साल ओलसर, काळपट आणि बोटाने दाबली जाईल इतकी मऊ झालेली मुलांनी पाहिली. आच्छादनाचा थर पाच ते दहा सेंटीमीटरच असावा, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी राहावी आणि मुळे फुटू लागतात तो बुंध्याचा पसरट भाग उघडा दिसावा, हे त्या दिवशी मुलांना कायमचे समजले. प्रत्येक झाडाचे आच्छादन मागे ओढण्यात ती संपूर्ण सकाळ गेली आणि माझ्या मते तीच त्या वर्षातील सर्वांत मोलाची सकाळ होती.

उपद्रवी वनस्पती काढणे हेही उत्तम काम आहे, परंतु ओळख पटवून देणारे जाणते माणूस सोबत हवेच, अन्यथा मुद्दाम लावलेली रोपेही उपटली जातात. गाजरगवत फुलण्यापूर्वी मुळासकट काढावे लागते, कारण एकेक रोप हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने काहींच्या त्वचेला त्रास होतो, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत. तणनाशक फवारणी आणि यंत्राने कापणी ही कामे विद्यार्थ्यांना कधीही देऊ नयेत.

ज्यांना मोजमापाची आवड आहे त्यांनी वृक्षनोंदणी करावी. जमिनीपासून साधारण १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजून त्याला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. त्याच झाडांची पुढील वर्षी पुन्हा नोंद घेतल्यास उद्यान विभागालाही ती उपयोगी पडते. कचरा वेचण्यालाही मी कमी लेखत नाही, मात्र कोणत्या बाकाखाली काय सापडले याचा नकाशा काढावा. सिगारेटची थोटके एकाच ठिकाणी साचत असतील, तर कचरापेटी कोठे हवी हे विद्यार्थी पुराव्यासह सांगू शकतात. थोटकांतील फिल्टर हे एक प्रकारचे प्लास्टिकच असल्यामुळे तसे सांगणे गरजेचेही आहे.

सुरुवात करण्यापूर्वी मुलीने स्वतः उद्यानाच्या अधीक्षकांना भेटून ‘मी काय करू?’ असे न विचारता ‘आपली कोणती कामे माणसे कमी असल्यामुळे मागे पडली आहेत?’ असे विचारावे. शाळेची पूर्वमान्यता आणि पालकांची संमती लेखी घ्यावी, तासांच्या पत्रकावर त्याच दिवशी सही घ्यावी आणि घरी परतल्यावर, हातांची माती ताजी असतानाच, त्या दिवशी काय दिसले ते वहीत पाच-सहा ओळींत लिहून ठेवावे.