जुने मासे ठणठणीत असताना नवीन आणलेलेच का मरतात?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. घर गोव्यात साखळीला, दोन फुटी टाकी, वर्ष-सव्वा वर्ष जुनी. त्यात चार ब्लॅक विडो टेट्रा मजेत आहेत. पाणी विहिरीचं, आणि आटेल तेवढंच वरून घालता. म्हापशाहून सहा गप्पी आणले, पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली आणि सोडले. पहिल्या रात्री तीन गेले, दुसऱ्या दिवशी दोन, आता एकच उरलाय. दुकानदाराने आजारी मासे दिले का, असं तुम्ही विचारता, कारण पाणी खराब असतं तर जुने आधी मेले असते.

तो शेवटचा तर्क आधी मनातून काढून टाका. त्याच तर्कापायी माझे बरेच मासे गेलेत. जुने मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे असं होत नाही. ते पाणी त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. वर्षभर रोज कणाकणाने बदलत गेलेल्या पाण्यात ते राहिले, तुमच्या गप्पींवर तोच सगळा बदल वीस मिनिटांत आदळला.

माझं घर डिचोलीत, पाणी विहिरीचंच. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर आठ गप्पी आणले होते. सकाळी पाहतो तर पाच तळाला आडवे, अंगावर ना डाग ना जखम, शेपटीचे रंग अजून तसेच. मीही दुकानदारालाच दोष दिला. पिशवीत थोडं पाणी उरलं होतं म्हणून दोन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत टाकीचं पाणी, दुसरीत पिशवीतलं, आणि दोन्हींत पीएचच्या किटमधलं औषध टाकलं. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल. पिशवीतलं पाणी निळं झालं, टाकीतलं हळदीसारखं पिवळं. त्या औषधाचा पिवळा म्हणजे पीएच 6 किंवा त्याहून कमी, निळा म्हणजे साडेसातच्या आसपास. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहा पटींचा फरक. दीड अंकाचा हिशेब केला तर तीस पटींच्या वर जातो. त्या दोन नळ्या शेजारी धरून मी बराच वेळ बसलो होतो.

हे आपल्याकडे जास्त का होतं ते समजून घ्या. आपली जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची. पावसाने त्यातला चुना कधीच धुऊन नेलाय. त्यामुळे विहिरीचं पाणी बहुधा हलकं (क्षार कमी असलेलं), किंचित आम्ल, आणि आम्ल पचवण्याची ताकद त्यात फार थोडी. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली की आणखीच थोडी. टाकीत मासे अमोनिया सोडतात, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं. जड पाणी ते पचवतं, आपल्या विहिरीचं पाणी पचवू शकत नाही. त्यात तुम्ही पाणी बदलत नाही, फक्त भर घालता. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, नायट्रेट आणि बाकीची घाण मागेच राहते. वर्षभरात पीएच घसरत खाली येतो आणि टेट्रांना ते जाणवतही नाही, कारण त्यांची जात मुळात हलक्या, आम्ल पाण्यातली. गप्पी आणि मॉली यांना क्षाराचं जड पाणी लागतं. मॉली जागच्या जागी डुलताना दिसली, पर आवळून धरलेले असले, तर ती नाचत नसते, तिला पाणी सोसत नसतं. आपल्या खाडीतली काळुंद्रं गोड्या आणि खारट दोन्ही पाण्यांत जगतात. प्रत्येक माशाला देवाने ती ताकद दिलेली नाही.

आता दुकानदाराबद्दल. मासे कधी मरतात यावरून बराच अंदाज येतो. काही तासांत किंवा पहिल्या दिवसा-दोन दिवसांत गेले तर बहुधा पाण्यातला फरक, तापमान, किंवा नळाच्या पाण्यातला क्लोरीन. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी एकेक करून जाऊ लागले तर अमोनिया किंवा नायट्राइट बघा. जिवाणू जेवढं खाणं मिळतं तेवढेच असतात, चार माशांच्या टाकीत एकदम दहा घातले तर त्यांना वाढायला वेळ लागतो. टाकी अगदी नवी असेल तर ते बस्तान बसायलाच चार ते सहा आठवडे जातात. आठ-दहा दिवसांनी अंगावर मिठाचे खडे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आले तर मात्र तो रोग, आणि तो दुकानातून आलेला असू शकतो. तुमचे दोन दिवसांत गेले. मला पाण्याचा संशय जास्त येतो.

एक गोष्ट आजच सांगितली पाहिजे, कारण हे वाचून तुम्ही नेमकं तेच कराल अशी भीती वाटते. घाबरून टाकीचं सगळं पाणी एकदम बदलू नका. पीएच सहापर्यंत उतरला की फिल्टरमधले जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठत जातो. तिथे तो बाधत नाही, कारण आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो. आपल्याकडच्या 28 अंश पाण्यात पीएच 7 ला त्यातला एक टक्काही विषारी नसतो, पण पीएच 8 ला साडेसहा टक्के होतो. म्हणजे चांगलं, ताजं पाणी भरभरून घातलं आणि पीएच एकदम चढला की साठलेला अमोनिया क्षणात विष होतो आणि वर्षभर जगलेले टेट्राही तासाभरात वर येऊन धापा टाकू लागतात. रोज दहा टक्केच बदला, आठ-दहा दिवस. विहिरीचं पाणी आदल्या रात्री बादलीत काढून त्यात एअर पंपाचा दगड सोडून ठेवा. विहिरीच्या पाण्यात कर्बवायू विरघळलेला असतो, तो निघून गेला की पीएच आपोआप थोडा वर येतो.

आणि जेवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या फेकून देऊ नका. मांस काढून झालं की उकळून, ब्रशने घासून, उन्हात चांगल्या कडकडीत वाळवा. मूठभर शिंपल्या जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा. पाणी आम्ल झालं की त्या हळूहळू विरघळतात आणि त्यातला चुना पाण्यात उतरतो. माझ्या टाकीत दोन आठवड्यांत औषधाचा रंग पिवळ्याचा हिरवा झाला. बाजारातल्या कुठल्याही पुडीपेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं, कारण काम सावकाश होतं.

पिशवी तरंगवण्याने फक्त तापमान जुळतं, पाणी जुळत नाही. मासे तासाभराच्या अंतरावरून आणले असतील तर पिशवी उघडून दर पाच-सात मिनिटांनी टाकीचं अर्धी वाटी पाणी घाला, पाऊण-एक तास. मग मासा जाळीने उचलून सोडा, दुकानाचं पाणी टाकीत नको. पार्सलने दिवसभराचा प्रवास करून आलेल्या माशांना मात्र हे करू नका. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कर्बवायू साठतो, पीएच उतरतो आणि अमोनिया निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडली की कर्बवायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया त्यांना जाळतो. अशा माशांना तापमान जुळताच वेगळ्या टबात, पिशवीतल्या पाण्याशी मिळत्याजुळत्या पाण्यात सोडावं आणि तिथेच दोन-तीन आठवडे ठेवावं. रोगही तिथेच कळतो.

तुमच्या एकट्या उरलेल्या गप्पीला आता हलवू नका. दोन दिवस त्या पाण्यात काढलेत म्हणजे सर्वांत मोठा धक्का त्याने सोसलाय. दिवा मालवून ठेवा, आज खाणं देऊ नका, उद्या चिमूटभर. पाणी बदलताना जे काही कराल ते त्याच्याकडे बघत करा. श्वास वाढला, पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागला, तर त्या दिवशी थांबा. नवे मासे आणायची घाई महिनाभर तरी नको. आणि आणाल तेव्हा दुकानात जाताना टाकीचं पाणी बाटलीत घेऊन जा, पीएचचं किट तिथेच उघडून दोन्ही नळ्या शेजारी धरा. रंग जुळले नाहीत तर रिकाम्या हाताने परत या.