शब्द देऊन कविता लिहायची तर दरवेळी तेच तेच का सुचतं?

तुम्ही विचारलंय की 'पाऊस', 'आठवण', 'विरह' असे शब्द समोर आले की आधी कुठेतरी वाचलेल्याच ओळी का सुचतात. माझ्या मते दोष शब्दांच्या निवडीत आहे. या शब्दांभोवती इतक्या कविता झाल्यात की शब्द उच्चारताच तयार भावना सोबत येते. सरावासाठी हात लावता येईल अशा वस्तूचा शब्द घ्या: कोयंडा, ठिगळ, पागोळ्या, खळ, दावं.

लगेच कविता लिहू नका. आधी त्या शब्दासोबत येणारी क्रियापदं लिहून काढा. कोयंड्यात कडी अडकवतात, कुलूप घालतात, तो गंजतो, दार ढकललं की खडखडतो. मग विचारा, हे कोण करतंय आणि केव्हा? मला गाव सोडून निघालेली बाई दिसली आणि अष्टाक्षरीत या ओळी आल्या:

कडी लागे कोयंड्याला, घर आतच राहिले
किल्ली कमरेला माझ्या, पाय दारी अडलेले

'विरह' हा शब्द इथे लागलाच नाही. अष्टाक्षरी मुद्दाम घेतली. चरणात आठच अक्षरं मिळतात, त्यामुळे विशेषणं आपोआप गळतात आणि वस्तू नि क्रिया उरतात.

अशी मागणीवरची कविता खोटी असते, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. संस्कृतातल्या समस्यापूर्तीत बहुधा शेवटचा चरण दिलेला असे आणि कवी आधीचे रचत असे. तरही मुशायऱ्यात, म्हणजे शायरांच्या मैफलीत, एक मिसरा (ओळ) देतात आणि सगळे शायर त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात (यमक आणि त्यामागे तसेच येणारे शब्द) गझल लिहितात. आणि आपल्याकडे जात्यावर बसलेली बाई 'पहिली माझी ओवी' म्हणून सुरुवात करायची. ते तीन शब्द तिला आयते मिळालेले असत. पुढे ती माहेर, भाऊ, सासूचा जाच, पंढरीचा विठोबा, जे मनात असेल ते घालायची. दिलेल्या शब्दांनी तिचं बोलणं अडलं नाही, उलट जे एरवी घरात बोलता आलं नसतं त्याला वाट मिळाली.

एका शब्दावर काही हलत नसेल तर दोन घ्या, एकमेकांपासून लांबचे. 'पाऊस' आणि 'छत्री' नको. 'ठिगळ' आणि 'परीक्षा' घेऊन बघा. त्यांना जोडायला तुम्हाला एखादा माणूस, एखादा प्रसंग शोधावाच लागतो.

शब्द हवे असतील तर मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश नेटवर फुकट शोधता येतो. एखादा ओळखीचा शब्द काढा आणि त्याच्या आजूबाजूच्या नोंदी वाचत जा. एकेका शब्दाचे तीन-चार अर्थ दिलेले दिसतील. त्यातला तुम्हाला माहीत नसलेला अर्थ उचला.

शब्द देऊन कविता लिहून घेणाऱ्या उपक्रमाचा तसा नियम असेल तर दिलेला शब्द कवितेत ठेवा. नंतर वहीत उतरवताना तो काढून वाचा, आणि त्याच्याशिवाय कविता उभी राहत असेल तर खुशाल गाळा.